तिसरा तुकडा

"बाय, ह्यां शिंपलां उलटां उभां आसा," तारी म्हणाले, आणि मी मानसुद्धा वर केली नाही.

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. समोरच्या काचपट्टीवर चिखलातून धुऊन काढलेले इवले इवले शंख पसरलेले, मोहरीहून बारीक, आणि मी ते जातवार मोजत होते. मध्येच कुणी बोललं की आकडा हातचा जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून नुसतं "हं" म्हटलं. तारी जागचे हलले नाहीत. एरवी हे गृहस्थ हाक मारल्याशिवाय आत पाऊल टाकत नसत, आणि टाकलं तरी काम उरकलं की गेलेच. दोन मिनिटं ते तसेच उभे राहिले तेव्हा मला मोजणी सोडावी लागली.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. रत्नागिरीत समुद्रतळाचा अभ्यास करणारी आमची एक लहानशी संस्था होती, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कौलारू इमारतीत. शिवराम तारी तिथे अटेंडंट होते. पंचेचाळीसच्या आसपासचे, आचऱ्याच्या खाडीकाठचे, बोलायला कमी. नळ्या धुणं, चाळण्या घासणं, नमुन्यांच्या पेट्या उचलणं ही त्यांची कामं. उघडलेल्या नमुन्याला हात लावायचा अधिकार त्यांना नव्हता. तो सहायकाचा, आणि सहायकाची एक जागा अकरा वर्षांनी निघाली होती. येत्या सोमवारी समिती बसणार होती. मी ज्यांच्या हाताखाली काम करत होते त्या सोवनी सरांनी तारींच्या नावाची शिफारस केली होती. त्या जागेवर तारींचा किती जीव होता ते मला ठाऊक होतं. 'जागा गावली काय मी ह्या टेबलार बसतलंय,' असं एकदा मला म्हणाले होते आणि टेबलाच्या कडेवरून हात फिरवला होता. पगाराबद्दल काही बोलले नव्हते.

मी उठले. ते मला खिडकीजवळच्या लांब टेबलाशी घेऊन गेले. तिथे आमची नळी उभी चिरून मांडलेली होती.

ती नळी म्हणजे आमचं सगळं वैभव. गोदावरी समुद्राला मिळते तिथून वीसेक किलोमीटर आत जायचं, बोटीवरून वजनदार नळी तळाच्या चिखलात सोडायची आणि पाचेक मीटर रुतली की वर ओढायची. आत चिखल जसाच्या तसा, थरावर थर, खालचा जुना आणि वरचा नवा. एवढी लांब नळी बोटीवर ठेवणार कुठे? म्हणून तिथल्या तिथे करवतीने मीटर मीटरचे पाच तुकडे करायचे आणि प्रत्येकावर काळ्या शाईने बाण काढायचा, टोक वरच्या बाजूला. मग बाणाच्या टोकाकडे लाल बूच, दुसरीकडे काळं. घरी आणून तुकडे चिरायचे आणि थर वाचत बसायचं. हा नदीच्या तोंडाशी साचला, हा दलदलीत, हा खाडीत, हा उघड्या समुद्राखाली. ओळखायचं नाकाने, बोटांनी, सूक्ष्मदर्शकाने आणि दातांनी. हो, दातांनी! सोवनी सरांची ती शिस्तच होती. चिमूटभर चिखल पुढच्या दातांत धरायचा. कचकचला तर नदीचा गाळ, लोण्यासारखा विरला तर समुद्रातला. मी नाशिकची, गोदाकाठी वाढलेली, आणि आता पोरगी तिच्या दुसऱ्या टोकाची माती खाते हे कळल्यावर माझी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

या पाच तुकड्यांतला तिसरा सरांचा भारी लाडका. खालच्या दोन तुकड्यांत दलदलीची काळी माती, मुळं, कुजलेली पानं. वरच्या दोहोंत समुद्राचा चिखल. मधल्या तिसऱ्यात मात्र खालच्या अंगाला समुद्र आणि वरच्या अंगाला पुन्हा दलदल. म्हणजे समुद्र आला, जमीन बुडवून मागे हटला, दलदल पुन्हा माजली आणि मग तो दुसऱ्यांदा आला. सर याला 'समुद्राच्या दोन फेऱ्या' म्हणत. त्यावरचा लेख त्यांनी टाइपही करून घेतला होता, फक्त टपालात पडायचा होता.

तारींनी बोट दाखवलं ते याच तुकड्याच्या मधोमध. बोटभर लांब, अरुंद असं एक शिंपलं चिखलात उभं होतं, नळी चिरताना अर्धं उघडं पडलेलं. मी ते आधीच पाहून वहीत टिपलं होतं की खाडीतलं शिंपलं, जागच्या जागी मेलेलं. त्यापलीकडे माझं डोकं चाललं नव्हतं.

"आमच्याकडे ओहोटीक ही काढतत," तारी म्हणाले. "माझी आये काढी. भोकात मीठ टाकला काय वर येता. ह्यां पाय खाली सोडून रवतां. जोड खाली, तोंड वर. भरती इली काय तोंडान पाणी घेतां. हेचो जोड वर आसा. डोक्यार उभां रवान तां जगतलां कसां?"

मला हसूच आलं. म्हटलं, अहो तारी, एखाद्या लाटेने उलथलं असेल, खेकड्याने उकरलं असेल. एवढ्यातेवढ्यावरून काय ठरतं?

"एक उलटात, बाय. हय तीन आसत."

आणि त्यांनी दुसरं दाखवलं, मग तिसरं, जिथे काठ तेवढा दिसत होता. तिन्हींची दोन शिंपांना बांधणारी जोडाची बाजू वर. चिखल जरासा बोटाने सारल्याच्या खुणा होत्या. म्हणजे या माणसाने, ज्याला हात लावायची परवानगी नव्हती, टेबल पुसता पुसता हात लावला होता. आणि समितीला चार दिवस राहिलेले असताना तसं मला कळू दिलं होतं. मला काळजी वाटली ती त्यांची नाही, त्या तुकड्याची.

"सरांका मी सांगूक नाय," तारी म्हणाले. "पयलां तुमका सांगतंय." आणि बादली उचलून ते चाळण्या धुवायला निघून गेले.

मग मी दार लोटून घेतलं. तिसऱ्या तुकड्याचा एक अर्धा भाग पाटासकट उचलला, उलटा फिरवला आणि दुसऱ्या नि चौथ्याच्या मध्ये ठेवला. वरचा समुद्र दुसऱ्या तुकड्याच्या समुद्राला जाऊन मिळाला, खालची दलदल चौथ्याच्या दलदलीला. मध्ये खाडीचा चिखल, सावकाश रंग बदलत गेलेला. सुताएवढी फट कुठे नाही. काळ्या मातीतली मुळंही आता वर जाड आणि खाली निमुळती दिसायला लागली. सकाळपर्यंत ती आकाशाकडे निमुळती होत होती आणि आम्हा दोघा शहाण्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं! समुद्राच्या त्या दोन फेऱ्या बरोब्बर करवतीच्या कापावर कशा सुरू होतात आणि कापावर कशा संपतात, एवढासुद्धा प्रश्न आम्हाला पडला नाही. फेरी एकच होती, तीही हळूहळू आलेली. आम्ही तुकडा डोक्यावर उभा करून त्याचा इतिहास लिहिला होता.

कपाटातून त्या तुकड्याच्या नळीचं रिकामं कवच काढलं. बाण होता तिथेच होता, काळा ठळक. मी बाणाचं टोक भरीव काढते, त्रिकोण करून आतून रंगवते, शाळेपासूनची सवय. तारी दोन नुसत्या रेघा ओढतात. कवचावरचा त्रिकोण भरीव होता.

आता बोटीवरचं सांगायला हवं.

त्या बोटीवर जायला मी वर्षभर झगडले होते. संचालकांचं म्हणणं, बोटीवर बायका नकोत. राहायची सोय नाही, लाटा सोसत नाहीत, एकीला काही झालं तर सगळ्यांच्या नावाने खडे. सोवनी सर तोंडाने असं म्हणत नसत, पण माझा अर्ज पुढे सरकवतही नसत. मी पाच अर्ज केले. शेवटी ते वैतागून म्हणाले, ठीक आहे, एक फेरी बघू, आणि मी गेले. त्याआधी आमच्याकडून एकही बाई गेली नव्हती. माझ्या मागे संस्थेत आणखी दोघी होत्या, नुकत्या लागलेल्या. निघताना त्या मला बसस्टँडवर सोडायला आल्या आणि एकीने माझ्या हातात आल्याच्या वड्यांची पुडी ठेवली, उलटी होऊ नये म्हणून.

उलट्या झाल्याच. तिसऱ्या दिवशी समुद्र खवळला आणि त्याच दिवशी ही नळी वर आली. सर केबिनमध्ये नकाशा घेऊन बसलेले. खलाशी करवत चालवत होते, तारी तुकडे धरत होते आणि बाण काढायचं काम माझं. पहिले दोन झाले. तिसरा कापून फळीवर आडवा ठेवला, तारी बुचं आणायला वळले, तेवढ्यात बोट कलली आणि तुकडा गडगडत माझ्या पायाशी आला. मी तो दोन्ही हातांनी धरला. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. कुठलं टोक कुठलं, हे मला वाटलं मला माहीत आहे. बाण ओढला, त्रिकोण भरला, आणि धावत कठड्याशी गेले ती पोटातलं सगळं ओकून आले. परत आले तेव्हा तारींनी बाण बघून बुचं लावलेली होती आणि तक्ता माझ्यापुढे धरला होता.

तक्ता म्हणजे सरांची आणखी एक शिस्त. प्रत्येक तुकड्यापुढे दोन सह्या, धरणाऱ्याची एक आणि बाण काढणाऱ्याची एक. चूक झाली तर कुणाची ते कळलं पाहिजे. माझे हात बरबटलेले. मी म्हटलं, तारी, तुम्हीच करा दोन्हीकडे. ते म्हणाले, "बाय, बाण तुमी काढल्यात." मी म्हटलं, अहो काय फरक पडतो. त्यांनी दोन्ही रकान्यांत 'शि. तारी' असं लिहिलं, सावकाश, ओठ आवळून, बोट हलत असताना.

तर असा तो बाण. मी कवच परत कपाटात ठेवलं. तुकडा उलटा आहे हे सरांना सांगायचं, याबद्दल मला क्षणभरही शंका वाटली नाही. तेवढी मी प्रामाणिक होते आणि माझा मला त्याचा अभिमानही वाटत होता. बाणाचं मात्र उद्या बघू, असं ठरवलं.

शुक्रवारी सकाळी सरांना टेबलाशी नेलं आणि सगळं दाखवलं. मुळं, कापावरचे सांधे, तिन्ही शिंपली. सर चष्मा कपाळावर चढवून वाकले. मग एका शिंपल्याजवळचा कणभर चिखल काढून दातांत धरला, चावला, आणि खुर्चीत बसले. मला वाटलं आता संतापतील. दोन महिन्यांचं काम पाण्यात गेलं होतं. पण त्यांचा चेहरा उजळला होता.

"लेख टपालात टाकला नाही हे नशीब," ते म्हणाले. "वृंदा, शिंपल्यावरून ओळखलंस तू? शाबास. माझ्या तीस वर्षांत मला हे सुचलं नसतं."

तारींनी ओळखलं, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. शपथेवर सांगते, होतं. पण सोवनी सरांच्या तोंडून शाबास ऐकायला माणसं पाच पाच वर्षं थांबत, आणि मला ते दोन क्षण तरी उपभोगायचं होतं. दोन क्षणांत सरांनी कपाटातून तक्ता काढलासुद्धा.

त्यांनी रकान्यावर बोट ठेवलं आणि चेहरा पार बदलला. तारींची सही? बाण तारींनी का काढला? तू कुठे होतीस? मी म्हटलं, मला त्या वेळी उलटी होत होती. हे खरंच होतं, अक्षर न् अक्षर खरं. सरांनी मान हलवली, आणि त्या मान हलवण्यात मला सगळं ऐकू आलं. पुढच्या वर्षीच्या बोटीत रिकामी राहिलेली माझी जागा, वड्यांची पुडी देणारी ती पोरगी आणि बायका नकोत म्हणणारे संचालक. मी मूग गिळून गप्प बसले.

तारींना बोलावलं. ते ओले हात सदऱ्याला पुसत आले. सरांनी त्यांच्यापुढे तक्ता धरला आणि तुकडा उलटा निघाल्याचं सांगितलं. तारींनी शिंपल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणजे सरांना सांगितलं गेलंय हे त्यांना कळलं, आणि काय सांगितलं गेलंय तेही.

"बाण तुम्ही काढलात?" सरांनी विचारलं.

तारी माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात राग नव्हता. आता बोलायची पाळी ज्याची आहे त्याच्याकडे माणूस बघतो, तसं ते बघत होते. मी टेबलावरच्या फुटपट्टीकडे बघितलं.

"सही माझी आसा, सर," तारी म्हणाले.

सर आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते. ते एवढंच म्हणाले की ज्याला वर आणि खाली कळत नाही त्याच्या हाती मी उघडे नमुने देऊ शकत नाही. समितीला लिहिलेलं पत्र आजच परत घेतो. तारींनी मान डोलावली आणि गेले. जाताना दार नेहमीसारखं हलकेच ओढून घेतलं.

सोमवारी समिती बसली. जागा संस्थेबाहेरच्या कुणाला मिळाली, चांगला मुलगा होता तो, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तारी आपल्या बादल्या आणि चाळण्यांकडे परत गेले. फरक एकच पडला. ते मला बाय म्हणायचे बंद झाले. मंगळवारी चाळण्या आणून ठेवताना म्हणाले, 'मॅडम, धुतल्यो.' एवढंच. चार वर्षांत त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं.

तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. रोज सकाळी ठरवायचं की आज सांगायचं, आणि रोज संध्याकाळी त्याला एक नवं कारण शोधायचं. कारणं तरी किती चांगली होती! मी माझ्यासाठी गप्प नाही, त्या दोघींसाठी आहे. बाईने बोटीवर केलेली पहिलीच चूक चव्हाट्यावर आली तर दहा वर्षं दुसरी जाणार नाही. तारींना काय, पुढची जागा निघेल तेव्हा मीच शिफारस करीन. असं करत करत मी स्वतःला जवळजवळ पटवलं होतं.

शनिवारी सरांनी पुढच्या फेरीची यादी फळ्यावर लावली. पहिलं नाव माझं. खाली सुधारलेल्या लेखाचा मसुदा टाचलेला, आणि त्याच्या शेवटी आभाराचं वाक्य, की कु. वृंदा गर्गे यांनी शिंपल्यांच्या बैठकीवरून तुकड्याची दिशा अचूक ओळखली. ते वाक्य मी दोनदा वाचलं. तारींचं नाव यादीत नव्हतं. बोटीवर तुकडे धरायला यंदा दुसरा माणूस नेणार होते. 'बोटीवर तुकडे धरायला तारींसारखा माणूस नाही' हे सरांचं जुनं म्हणणं, पण तेही आता गेलं होतं, आणि ते मी घालवलं होतं. फळ्यासमोर उभी राहून मला माझीच शिसारी आली. दुसरा शब्द नाही.

मी तशीच सरांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. बाण माझा. सही मी करायला लावली. शिंपलं तारींनी दाखवलं, मी नाही. नळीचं कवच बरोबर नेलं होतं, ते त्यांच्या टेबलावर ठेवलं.

सर त्रिकोणाकडे बघत राहिले. मग विचारलं, आठ दिवस का थांबलीस? मी खरं ते सांगितलं. तुम्ही म्हणाला असता बायका बोटीवर नकोत, म्हणून.

"म्हणालो असतो," सर म्हणाले. "चुकीचं म्हणालो असतो, आणि तू माझ्याशी भांडली असतीस, जशी वर्षभर भांडलीस. ते आपण दोघांनी निस्तरलं असतं. तारींचं आता कोण निस्तरणार?"

त्यांनी त्याच दिवशी संचालकांना पत्र लिहिलं. जागा भरली गेली होती, भरलेली जागा रिकामी होत नाही. पुढची दोन वर्षांनी निघाली आणि ती तारींना मिळाली. पाच वर्षं ते त्या लांब टेबलाशी बसले, आणि मी शपथेवर सांगते, चिखल त्यांच्याइतका वाचणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. लेखाच्या आभारात सरांनी त्यांचं नाव घातलं. त्या फेरीला मी गेले नाही, सरांनी यादीतून नाव काढलं नव्हतं, मीच काढलं, आणि माझ्या जागी वड्यांची पुडी देणारीला पाठवा म्हणून हट्ट धरला. ती गेली. तिला एकदाही उलटी झाली नाही म्हणे. पुढे मी नऊ फेऱ्या केल्या, त्यांतल्या चार माझ्याच हाताखाली. दरवेळी तक्त्यावर सही करताना माझा हात अडखळतो, आणि हाताखालच्या पोरांना वाटतं बाईंना वयामुळे दिसत नाही.

पण खरं सांगायचंय ते त्या शनिवारचं. सरांच्या खोलीतून निघाले ती थेट मागच्या अंगणात गेले. तारी नळाखाली उकिडवे बसून रिकाम्या नळ्या आतून घासत होते, लांब दांड्याच्या ब्रशने. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. सांगितलं की सरांना सगळं सांगितलं. मग माफी मागितली, आणि मागताना रडले, ते मी लपवत नाही. मनातून मला काय हवं होतं तेही लपवत नाही. त्यांनी म्हणावं, असू दे बाय, होतां असां. एवढं त्यांनी म्हटलं असतं तर मी सुटले असते.

तारींनी नळ बंद केला. नळी उभी करून पाणी निथळू दिलं. आणि तेव्हा, इतक्या उशिरा, माझ्या डोक्यात पडलं की हा माणूस गुरुवारी शिंपलं घेऊन सरांकडे न जाता माझ्याकडे का आला होता. बाण कुणाचा ते त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. सही कुणाची तेही ठाऊक होतं. तुकडा उलटा निघाला की तक्ता निघणार, आणि तक्त्यावर आपलं नाव निघणार, हे सगळं जाणून, सोमवार तोंडावर आलेला असताना, ते माझ्याकडे आले होते, कारण मी सांगीन अशी त्यांची खात्री होती. त्यांनी मला संधी दिली नव्हती, माझ्यावर भरवसा ठेवला होता.

मी तसं त्यांना विचारलं. म्हटलं, तुम्हाला ठाऊक असून मला का सांगितलंत? गप्प बसला असतात तर जागा तुमची होती.

"गप कसो बसतलंय?" तारी म्हणाले. "माती उलटी होती."

मग ब्रश बादलीत ठेवून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. आवाज चढला नव्हता.

"मातयेचो तुकडो तुमी एका दिसात सरळ केल्यात, मॅडम. माका सरळ करूक आठ दिस लागले."

एवढं बोलून त्यांनी नळ सोडला आणि पुढची नळी घासायला घेतली. मी खाली बसले, दुसरा ब्रश घेतला आणि उरलेल्या नळ्या त्यांच्याबरोबर धुतल्या. त्यांनी मला नको म्हटलं नाही, आणि दुसरंही काही म्हटलं नाही.